नकाशाचं गालबोट

४ मार्च

सापडले. रंगेहाथ सापडले!

सकाळी दाढी करता करता सहज त्या फुकट्यांचं ॲप उघडलं. त्यांच्या कंपनीला चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते मी या वहीत लिहिणार नाही. फुकट वाटतात आणि फुकट उचलतात, म्हणून फुकटे. उत्तरेकडच्या डोंगराचा त्यांचा नवा नकाशा आला आहे. बोटानं सरकवत पठारावर गेलो आणि बघतो तर काय, माझा झरा! निळा टिपका, मी ठेवला होता अगदी तिथंच.

हा झरा जगात कुठंही नाही. तिथं नुसता उघडा खडक आहे. नकाशाच्या कचेरीत नोकरीला होतो तेव्हा आमचे मोठे साहेब प्रत्येक नकाशात एक खोटी खूण ठेवायला लावायचे. त्याला ते गालबोट म्हणायचे. काम देखणं झालं की त्याला नजर लागणार, म्हणून आपणच एक बोट लावून ठेवायचं. चोरानं नकाशा उचलला की ते बोटही त्याच्यासोबत जातं आणि त्याला नाही म्हणायला तोंड राहत नाही. पुढं मी नोकरी सोडली, डोंगरवाटांचे स्वतःचे नकाशे करून मोबाइलवर विकायला लागलो, पण ही सवय ठेवली.

दाढी अर्धीच राहिली. ही म्हणाली, "एका गालाचा संप आहे का आज?" मी नुसता हसलो. गालबोट कुठं आहे हे कुणाला सांगायचं नसतं, बायकोला तर नाहीच. हिच्या पोटात काही राहत नाही, आणि हिच्या भावाच्या तर मुळीच नाही.

७ मार्च

वकीलबाईंकडे गेलो होतो. डिजिटल भांडणांतल्या मोठ्या जाणकार म्हणे. ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वर, त्यामुळे सगळं बोलणं खालच्या गिरमिटाच्या आवाजात.

"डोंगर तुमचा आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"वाट?"

"ती कशी माझी असेल? पण कुठली वाट कुठं जाते हे मी चालून शोधलंय, बाई. गुडघे गेलेत त्यात माझे."

"कायदा गुडघे बघत नाही. जे खरं आहे ते सगळ्यांचं. खऱ्या वाटेबद्दल ते म्हणणार, आम्हीही चालून आलो. कोण खोटं पाडणार?" मग त्यांनी पेन्सिलीचं टोक निळ्या टिपक्यावर टेकवलं. "या अख्ख्या नकाशात निव्वळ तुमचं असं हे एकच आहे. कारण हे खोटं आहे."

आधी राग आला, मग पटलं. दहा वर्षांची पायपीट कुणाचीच नाही आणि एका दुपारचा वात्रटपणा तेवढा माझा. असो.

अट एकच. सुनावणीपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही आणि टिपक्याला हात लावायचा नाही. मी तो पुसला की त्यांना सुगावा लागेल आणि तेही पुसून मोकळे होतील. मी म्हटलं, फोटो काढून ठेवलाय की पडद्याचा. तर म्हणाल्या, "तसे फोटो आता शाळेतली मुलंही बनवतात. न्यायाधीशांसमोर त्यांचं ॲप उघडायचं आणि तिथं जिवंत दाखवायचा. तोवर गप्प." उठता उठता त्यांनी विचारलं, "तिथं कुणी जात वगैरे नाही ना?"

"त्या बाजूला चिटपाखरू फिरकत नाही."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या.

१५ मार्च

एका वेबसाइटनं लेख मागितला होता, 'डिजिटल माध्यमं आणि कलाकाराचे हक्क'. मी लिहिलं की चोर विमानातून उतरून हॉटेलात झोपलाय आणि कायदा अजून तिकिटाच्या रांगेत उभा आहे. संपादकानं तेवढंच वाक्य काढलं. उरलेला लेख वाचून मलाच झोप आली.

संध्याकाळी हिचा धाकटा भाऊ आला होता, लेकीला घेऊन. त्याला सगळेच भिंगरी म्हणतात, कारण माणूस एका जागी पाच मिनिटं टिकत नाही. आमच्याकडं आला तरी उभ्यानं जेवतो. पोरगी चौदा वर्षांची, बापाच्या उलट, अतिशय शांत. तिचं माझं जमतं. जेवणं झाल्यावर भिंगरीनं खिशातून फोन काढून मला एक डोंगरवाट दाखवली, आणि मी बघतो तर फुकट्यांचं ॲप!

"भाऊजी, तुमचं ॲप पैसे मागतं हो," वर तोंड करून म्हणतो.

"मागणारच. मी चाललोय त्यासाठी."

"पण वाटा यातही तुमच्याच आहेत ना? मी बसून ताडून पाहिलं. वळण न् वळण तुमचं. म्हणून तर बिनधास्त घेतलं!"

"म्हणजे चोराकडून घेतलंस."

"तुमचंच म्हणून घेतलं ना पण!" आणि हसला. ही पण हसली.

मी उठून आतल्या खोलीत गेलो. घरात चोराचा माल वापरायचा आणि वर हसायचं. ते ॲप काढून टाकेपर्यंत मी त्याच्याशी बोलणार नाही, असं हिला सांगून टाकलं आहे. ही म्हणाली, "बरं, घर शांत राहील."

२ एप्रिल

फुकट्यांनी कमाल केली. उन्हाळा वाढला म्हणून त्यांनी नवी सोय आणली आहे, 'पाण्याच्या वाटा'. जिथं पाणी तिथून वाट काढायची, म्हणे यंत्रच ठरवतं. आणि यंत्रानं उत्तरेच्या डोंगराची वाट कुठून काढली? माझ्या पठारावरून! माझा टिपका जेमतेम मोहरीएवढा होता. त्यांनी त्याचा टपोरा थेंब केला आहे, आणि वाटेपुढं लिहिलं आहे, 'सोपी, कुटुंबासाठी योग्य'.

वकीलबाईंना कळवलं. त्या खूश. चोरी होतीच, आता चोरीवर धंदाही उभा राहिला, म्हणाल्या.

आजच माझ्या एका ग्राहकाचा ईमेल आला. तो आईला घेऊन पठारावर गेला होता. झरा सापडला नाही, खूप वेळ शोधून परत उतरले, आईला घरी आल्यावर उलट्या झाल्या. विचारतो, झरा बारमाही आहे का? बाईंचा हुकूम आठवला, म्हणून लिहिलं, 'अभिप्रायाबद्दल आभार.' आता काय सांगणार त्याला? डोंगरात जाताना पाणी जवळ ठेवावं हे काय नकाशावाल्यानं शिकवायचं? तरीही ईमेल दोनदा उघडून वाचला. आईला घेऊन कशाला जायचं पण मी म्हणतो!

१२ एप्रिल

ऊन असं की दुपारी खिडकीच्या गजाला हात लावता येत नाही. शाळांनी वेळा बदलल्यात. खालच्या दुकानदारानं कुत्र्यांसाठी पाण्याची बादली ठेवली आहे.

फुकट्यांचं उत्तर कोर्टात दाखल झालं. आम्ही कुणाचं काही उचललेलं नाही, म्हणतात. आमचं प्रत्येक ठिकाण आमच्या चालणाऱ्या लोकांनी प्रत्यक्ष जाऊन पडताळलेलं आहे, असं शपथेवर लिहून दिलं आहे. सोबत पडताळलेल्या ठिकाणांची जंत्री, आणि त्यात माझा झरा!

बाई फोनवर लहान मुलीसारख्या हसल्या. "नसलेला झरा शपथेवर पडताळला हो त्यांनी! आता सुनावणीला नुसतं बोट ठेवायचं."

मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर बसून राहिलो. पडताळला म्हणजे कुणी पडताळला? भाडोत्री यंत्रं असणार. आजकाल टाळ्या वाजवायलासुद्धा यंत्रं मिळतात. तरी जुने फोटो काढून बघितले. खडक. चारी बाजूंनी खडक. एक क्षण मलाच वाटून गेलं की असेलही पाणी, मीच नीट बघितलं नसेल. स्वतःचं खोटं इतक्या जणांनी खरं म्हटलं की माणूस डळमळतो.

१९ एप्रिल

आज टिपका पुसायला बसलो होतो. का ते सांगता येणार नाही. पेपरात उष्माघाताच्या बातम्या येताहेत, त्या वाचून असेल. एक कळ दाबायची, बस्स. बोट कळीवर होतं.

मग विचार केला, सुनावणी पुढच्या सोमवारी. इतके दिवस तोंड शिवून बसलो ते आठ दिवसांसाठी घालवायचं? आणि माझ्या नकाशातून पुसून काय होणार, खरा थेंब तर त्यांच्याकडं आहे. तो ते पुसणार नाहीत. मग माझा पुसून नुकसान फक्त माझं. हिशोब सरळ आहे. संगणक बंद केला.

जेवताना हिला म्हटलं, "त्या भिंगरीला सांग, या उन्हाचं डोंगरात भटकू नको म्हणावं."

"तुम्हीच सांगा की. तोंड दुखतं का?"

"ॲप काढलं का त्यानं?"

"मला काय माहीत! पोरीची परीक्षा संपली की तिला घेऊन कुठल्याशा पठारावर जाणार म्हणत होता. लाडात आलीय, बाबांबरोबर पहिल्यांदाच चाललीय."

पठारं काय, ढीगभर आहेत. मी भाजी वाढून घेतली आणि विषय बदलला.

२६ एप्रिल

उद्या सुनावणी. सकाळी सदऱ्याला इस्त्री केली.

आत्ता दुपार. भिंगरीच्या बायकोचा फोन आला होता. बापलेक उजाडता निघाले, जेवायच्या वेळेला परत येणार होते, दोघांचे फोन लागत नाहीत. मी फोन घेतला आणि विचारलं, कुठल्या डोंगरावर? उत्तरेच्या, म्हणाल्या. पाणी किती नेलंय? तर म्हणाल्या, "एकच बाटली, भाऊजी. वाटेत झरा आहे ना, कशाला ओझं, म्हणाले."

ही चपला शोधते आहे. मी हे का लिहितो आहे मला कळत नाही. गाडीची किल्ली माझ्या हातातच आहे.

२८ एप्रिल

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं लिहिणार आहे.

पायथ्याला बचाव पथकाची एक पत्र्याची चौकी आहे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. वहिनी, भिंगरीची बायको, आधीच येऊन बसल्या होत्या. पथकाचा प्रमुख चांगला माणूस, शांत आवाजाचा. त्यानं आपला फोन काढला आणि वहिनींना दाखवला. "हे बघा, ताई. वाट सोपी आहे, आणि इथं झरा आहे. उन्हाचे पाण्याशी बसले असतील निवांत. फोनची बॅटरी संपली असेल. माझी पोरं सकाळपासून दुसऱ्या बाजूला राबून आत्ताच टेकलीत, जरा ऊन उतरू दे, मग चढतो."

सगळ्यांचे चेहरे सैल पडले. हिनं हुश्श केलं. कुणीतरी वहिनींना पाण्याचा पेला दिला.

मी गप्प होतो. हे लिहायलाच हवं. वहिनी घोट घोट पाणी पीत होत्या आणि मी पेल्याकडं बघत होतो. डोक्यात काय होतं? उद्याची तारीख होती. इथं बोललो तर सगळीकडं होईल, असं होतं. सापडतील, भिंगरी आहे तो, एका जागी कुठं बसतोय, असंही होतं. पेला रिकामा झाला. त्यांनी तो खाली ठेवला, आणि मग मी म्हणालो, "तिथं पाणी नाही."

प्रमुख म्हणाला, "आहे की. हे बघा ना."

"नाही. तो झरा मी काढलाय. चोर पकडायला काढला होता. तिथं पाणी नाही, सावली नाही, काही नाही."

प्रमुख तसाच उठला, शिट्टी वाजवली आणि माणसं पळायला लागली. हिनं माझ्याकडं बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात हिनं माझ्याकडं तसं कधी बघितलेलं नाही.

पोरगी खाली आली ती दोघांच्या आधारानं, पण स्वतःच्या पायांवर. भिंगरीला स्ट्रेचरवरून आणला. त्याच्या हातांना फडकी गुंडाळली होती. मला वाटलं पडला असेल, खरचटलं असेल.

तो काल सकाळी दवाखान्यातच गेला. शुद्धीवर आलाच नाही.

पोरीनं आज सांगितलं, माझ्याकडं न बघता, भिंतीशी बोलल्यासारखं. ते टिपक्यावर पोचले, पाणी नव्हतं. ती म्हणाली, बाबा, आल्या वाटेनं परत जाऊ. तेव्हा त्यांच्यात उतरण्याइतकी ताकद होती. तर बाबा म्हणाले, "अगं, ॲप चुकेल, पण ही जागा काकांची आहे. त्यांनी पायानं मोजलीय. ते नाही चुकायचे. दगडांनी बुजला असेल, इथंच खाली असणार." आणि बाटलीतलं उरलेलं तिला देऊन ते दगड उपसायला लागले. एका जागी, दुपारभर.

पाच मिनिटं टिकत नाही म्हणून मी त्याला आयुष्यभर हसलो.

१ मे

वकीलबाईंचा फोन आला. मी गेलो नाही म्हणून नवी तारीख मिळाली आहे. "झालं ते फार वाईट झालं," त्या म्हणाल्या, आणि मग, "पण आता ही गोष्ट कोर्टापुढं आली तर..." फोनमधून खालच्या गिरमिटाचा आवाज येत होता.

माझ्या नकाशातला टिपका मी पायथ्यावरून परतलो त्याच संध्याकाळी पुसला. मोहरीएवढाच होता. क्षणात गेला.

फुकट्यांना लिहिलं आहे, स्पष्ट लिहिलं आहे. झरा खोटा आहे, मीच काढलेला आहे, माणूस गेला आहे, ताबडतोब काढा.

ही स्वयंपाक करते, ताट वाढते, आणि वहिनींकडं निघून जाते.

९ मे

उत्तर आलं. सभ्य भाषेत. 'आपणच दाखल केलेला दावा प्रलंबित असल्याने निकाल लागेपर्यंत सदर नकाशात कोणताही बदल करू नये, असा आमच्या वकिलांचा सल्ला आहे. शिवाय हे ठिकाण पडताळलेले आहे.'

बाईंना विचारलं, दावा मागं घेऊ? त्या म्हणाल्या, "घ्या. पण मग झरा तुमचा आहे हे कुठं सिद्ध झालं? आणि तुमचा नसेल तर तो काढा म्हणणारे तुम्ही कोण?" त्यांनी तातडीचा अर्ज टाकला आहे. कोर्टाला सुट्ट्या लागल्या आहेत. मग पथकाच्या प्रमुखाला भेटलो. त्यानं पायथ्याला हातानं लिहिलेली पाटी लावली आहे, 'वर पाणी नाही'. पण लोक पाटी वाचून फोन बघतात म्हणे, आणि पुढं जातात.

पडताळलं म्हणजे काय, हे शेवटी त्यांच्या नियमांत शोधून वाचलं. आधी वाचायला हवं होतं. यंत्रं भाड्यानं आणलेली नाहीत. त्यांची गरजच नाही. ज्या ठिकाणी माणूस फोन घेऊन बराच वेळ थांबतो, ते ठिकाण चांगलं. जितका जास्त वेळ, तितकं जास्त चांगलं. ईमेल लिहिणारा तो मुलगा आणि त्याची आई तिथं खूप वेळ शोधत होते, आणि फुकट्यांचं ॲप त्याच्याही फोनमध्ये असणारच. त्यांच्या आधी आणखी कोण कोण. पाणी शोधणाऱ्या प्रत्येकानं पाणी असल्याची साक्ष देऊन ठेवली आहे, आणि त्या साक्षीवर यंत्र पुढच्या माणसाला वर पाठवतं.

ॲप उघडलं. थेंब पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे. खाली नवी ओळ आहे, 'लोकांना इथे रमायला आवडते'.

हे वाचत बसलो होतो तेवढ्यात पोरगी आली. त्या दिवसापासून पहिल्यांदाच आमच्या घरी. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. हातात बापाचा फोन होता.

"आज चार्ज केला," ती म्हणाली. "हे सारखं सारखं विचारतंय. बंदच होत नाही."

तिनं फोन माझ्यापुढं धरला. पडद्यावर निळा थेंब होता, त्याखाली पाच रिकामे तारे, आणि त्यावर लिहिलं होतं, 'तुम्ही या झऱ्याजवळ बराच वेळ घालवलात. पाणी कसं होतं?'

"काका," ती म्हणाली, "काय लिहू?"